हजर, हुजूर, हजरत

शाळेची घंटा होते, प्रार्थना संपते, गुरुजी हजेरीपट उघडतात आणि एकेक नाव उच्चारले जाऊ लागते. प्रत्येक नावामागून एकच उत्तर येते, 'हजर'. वर्षाकाठी दोनशेंवर वेळा आपल्या तोंडून निघणारा हा शब्द मूळचा अरबी आहे, हे पुष्कळांस ठाऊक असते. परंतु आपल्या या हैदराबाद नगरीत त्याची आणखी दोन भावंडे रोज कानी पडतात, तिकडे आपले सहसा लक्ष जात नाही. जुन्या शहरात एखादा दुकानदार गिऱ्हाइकाला 'हुजूर' म्हणतो, आणि दोन मित्र भेटले की एक दुसऱ्याला 'क्यों हज़रत?' अशी थट्टेची हाक घालतो. हजर, हुजूर, हजरत. या तिघांत 'ह', 'ज' आणि 'र' ही तीन व्यंजने त्याच क्रमाने आलेली आहेत. पालटले आहेत ते त्यांच्यामधले स्वर. 'हजर' म्हणजे जो समोर आहे तो. 'हुजूर' म्हणजे समोर असणे, सान्निध्य. थोरांचा उल्लेख त्यांच्या सान्निध्याच्या नावाने करण्याची रीत पडली आणि त्यातून ते संबोधन झाले. 'हजरत' या शब्दाचाही मूळ अर्थ सान्निध्य हाच होय.

हे साम्य योगायोगाचे नव्हे. अरबी भाषेची सारी शब्दसृष्टी याच रीतीने उभी राहिली आहे. ही रीत एकदा कळली म्हणजे मराठीतले, एकमेकांस न ओळखणारे पुष्कळसे शब्द एका घरातले निघतात. ती रीत समजावून सांगावी, एवढाच आमचा येथे हेतू आहे.

प्रथम आपल्याच भाषेकडे पाहू. मराठीत 'मरणे' आणि 'मारणे', 'पडणे' आणि 'पाडणे', 'तरणे' आणि 'तारणे' अशा जोड्या आहेत. म–र ही व्यंजने तीच राहतात, आतला स्वर दीर्घ होतो आणि मरणारा जाऊन मारणारा येतो. संस्कृतात 'लिख्'पासून 'लेख' होतो, 'कृ'पासून 'कार' होतो. म्हणजे शब्दाच्या पोटातला स्वर पालटून अर्थ पालटणे ही गोष्ट आपल्याला अगदीच परकी नाही. मात्र आपल्याकडे नवा शब्द घडवण्याचे मुख्य काम उपसर्ग आणि प्रत्यय करतात. ते बाहेरून येऊन चिकटतात. अरबीत बाहेरची जोडही आहे, परंतु खरी कारागिरी आतली. तेथे धातू हा बहुधा तीन व्यंजनांचा असतो. त्या व्यंजनांत अर्थाचे बीज असते. पण नुसत्या व्यंजनांचा उच्चार होत नाही, म्हणून ती एखाद्या स्वरांच्या साच्यात बसवावी लागतात. साचा कोणता निवडला यावर तो शब्द कर्त्याचा, कर्माचा, स्थळाचा की क्रियेचा हे ठरते.

उदाहरणासाठी लांब जावयास नको. ह–स–ल या धातूचा अर्थ हाती येणे, निष्पन्न होणे. त्यास 'आ–इ' या स्वरांच्या साच्यात बसवले की होतो 'हासिल', म्हणजे हाती आलेले. 'आता रडून काय हशील?' असे आपली आजी म्हणते त्यातले 'हशील' ते हेच. त्याच तीन व्यंजनांना आरंभी 'म' आणि मध्ये दीर्घ ऊ दिला की 'महसूल' होतो, म्हणजे जे मिळवले गेले ते, उत्पन्न. आरंभी 'त' आणि मध्ये दीर्घ ई दिली की 'तहसील', म्हणजे गोळा करण्याची क्रिया. विद्या संपादन करण्यासही उर्दूत 'तहसील-ए-इल्म' म्हणतात. पुढे सारा गोळा करणारा तो तहसीलदार झाला आणि त्याच्या मुलखास व कचेरीसही तहसील हेच नाव पडले. शेतकऱ्याने महसूल भरण्यासाठी तहसिलीत खेटे घालावे आणि अखेर 'काय हशील!' म्हणून कपाळाला हात लावावा, हे सारे एकाच धातूत घडते.

आता तेच तीन साचे घेऊन दुसरा धातू त्यांत घालून पाहू. क्रिया करणे, काम चालवणे या अर्थाचा एक धातू आहे. त्याचे पहिले अक्षर 'ऐन' हे असून तो घशातून काढावयाचा एक वर्ण आहे. आपल्या लिपीत त्यास जागा नाही, म्हणून तो आपल्या कानी 'अ' सारखाच येतो. पुढची अक्षरे म आणि ल. पहिल्या साच्यात 'आमिल', म्हणजे अंमल करणारा अधिकारी. दुसऱ्या साच्यात 'मामूल', म्हणजे जे नित्य केले जाते ते. त्यावरून आपले 'मामुली'. तिसऱ्यात 'तामील', हुकमाची अंमलबजावणी. खुद्द 'अंमल' याच धातूचा. 'मामला'ही याचाच, आणि म्हणून मामलेदारही याचाच. ('दार' हे शेपूट मात्र फारसी आहे.) 'इस्तेमाल' हा शब्दही येथलाच. एकाच हुद्द्यास कोणी तहसीलदार म्हणतो, कोणी मामलेदार. एक ह–स–ल च्या घरचा, दुसरा अंमलाच्या.

अरबी वैयाकरणांनी हे साचे मोजण्याची एक सोपी युक्ती काढली आहे. 'करणे' या अर्थाचा फ–ऐन–ल हा धातू त्यांनी नमुन्यादाखल घेतला. कर्त्याचा साचा तो 'फाइल' (कचेरीतली फाइल नव्हे!), कर्माचा तो 'मफऊल', क्रियानामाचा एक साचा 'तफईल'. ज्याला आपण साचा म्हणत आलो त्यास ते 'वज़्न' म्हणतात. हे आपले 'वजन'च होय! या शब्दाचे वजन अमुक, त्याचे तमुक, अशी त्यांची परिभाषा आहे. बसरा नगरीतील अल-खलील इब्न अहमद याने आठव्या शतकात धातूंच्या आधारे अरबीचा पहिला मोठा कोश योजला, आणि त्याच्या शिष्याने, सीबवैहीने, अरबी व्याकरणाचा पायाभूत ग्रंथ लिहिला. हा सीबवैही जन्माने इराणी होता. ज्याची मातृभाषा नव्हे त्यालाच पुष्कळदा भाषेची घडण नीट दिसते, असे आम्हांस अनेकदा वाटत आले आहे.

शब्दांच्या या रूपांतरविद्येस अरबीत 'सर्फ' म्हणतात. सर्फ म्हणजे पालटणे, फिरवणे. याच धातूचे मधले अक्षर द्वित्त करून 'सर्राफ' होतो, म्हणजे नाणी पालटून देणारा. आपल्या सराफ बाजारातला सराफ तो हाच. मधल्या व्यंजनाचे द्वित्त आणि पुढे दीर्घ आ, हा धंदेवाइकाचा साचा आहे. हम्ल म्हणजे ओझे, ते नित्य वाहणारा 'हम्माल', आपला हमाल. वाट दाखवण्याच्या धातूपासून 'दल्लाल', आपला दलाल. आणि वादात वाट दाखवते ती 'दलील'. मराठीने हमाल, दलाल, सराफ यांतील द्वित्त सोडून दिले. 'हज्जाम' आणि 'जल्लाद' यांनी ते राखून ठेवले आहे. हे दोघेही हत्यारबंद, म्हणून त्यांच्या वाटेला कोणी गेले नसावे.

आणखी एक साचा कानाला फार ओळखीचा आहे. वकील, वजीर, अमीर, फकीर, गरीब, शरीक, हकीम हे शब्द एका दमात म्हणून पाहावेत. सर्व एकाच वजनाचे आहेत. 'गरीब' याचा मूळ अर्थ परका, अनोळखी असा होता. परक्या गावी माणूस किती केविलवाणा होतो हे त्या अर्थांतरावरून दिसते. 'हकीम' आणि 'हाकिम' यांत काय अंतर आहे? ह–क–म हा निर्णयाचा आणि शहाणपणाचा धातू. दीर्घ स्वर पहिल्या अक्षरावर आला की निर्णय देणारा 'हाकिम' होतो. तोच दुसऱ्या अक्षरावर सरकला की शहाणा, वैद्य असा 'हकीम'. हाकिमाचा तो 'हुकूम', हकिमाची ती 'हिकमत'. मराठीत मात्र 'हिकमती' माणूस म्हटला की शहाणपणाबरोबर थोडी लबाडीही त्याच्या पदरी बांधली जाते.

स्थळाचा साचा पाहावयाचा तर आपल्या शहरातून एक फेरी पुरे. आरंभीचा 'म' येथे 'त्या क्रियेची जागा' असे सांगतो. सजदा करण्याची जागा ती मसजिद, आपली मशीद. कबर जेथे असते तो मकबरा. दर्स म्हणजे पाठ, तो जेथे चालतो तो मदरसा. न–ज–ल म्हणजे उतरणे. प्रवासी जेथे घोड्यावरून उतरतो ती मंजिल. आपली 'मजल दरमजल' तीच, आणि घराचा 'मजला'ही तोच. चारमिनार १५९१ साली उभा राहिला. त्यातले 'चार' फारसी. पण 'मिनार' हा अरबी 'मनारा', म्हणजे प्रकाशाची जागा, दीपस्थान. त्याचा धातू न–व–र, आणि याच धातूचा 'नूर'. एखाद्याच्या चेहऱ्याचा नूर पालटला असे आपण म्हणतो, तेव्हा चारमिनारच्या मिनाराशी नाते सांगत असतो.

न–व–र यातील 'व' मिनारात कोठे गेला, असे चौकस विद्यार्थी विचारील. व आणि य ही अरबीतही दुबळी अक्षरे आहेत. ती कधी टिकतात, कधी स्वरात विरघळतात. संस्कृत शिकणाऱ्यांस 'वच्'चे 'उक्त' आणि 'यज्'चे 'इष्ट' आठवेल. तसाच काहीसा हा प्रकार. याचे उत्तम उदाहरण आपल्याच शहरात आहे. दुर्मिळ अरबी हस्तलिखिते छापून प्रसिद्ध करणारी 'दायरतुल मआरिफ' ही संस्था येथे १८८८ साली निघाली, आणि तिचे ग्रंथ देशोदेशींच्या अरबी पंडितांच्या हाती आहेत. हे नाव आपल्याला भारदस्त वाटते. पण 'दायरा' म्हणजे वर्तुळ. धातू द–व–र, फिरणे. साहेबांचा 'दौरा' याच धातूचा, आणि 'साऱ्या घराची मदार त्याच्यावर' यातली 'मदार' म्हणजे ज्याभोवती फिरावयाचे तो बिंदू. 'मआरिफ' म्हणजे ज्ञाने. ओळखण्याच्या धातूपासून आलेला शब्द. ओळख म्हणजे 'मारिफत'. ओळखीच्या द्वारे काम होते ते अमक्याच्या 'मार्फत'. ओळख करून देणे ती 'तारीफ'. ओळख करून देताना माणूस स्तुतीच करतो, म्हणून तारीफ म्हणजे स्तुती झाली. कौम, कायम, मुक्काम, किंमत हे चारही शब्द असेच क–व–म या एका धातूचे.

अनेकवचनाची गंमत याहून मोठी आहे. अरबीत पुष्कळ नामांचे अनेकवचन आतला साचाच मोडून नव्याने घडवतात. मराठीने अशी अनेकवचने घेतली आणि एकवचन म्हणून वापरली. मैदानावर आपण जी 'कवायत' करतो ती म्हणजे 'कवाइद', 'कायदा' या शब्दाचे अनेकवचन. कायदे, नियम, नियमांनी केलेली हालचाल, असा तो अर्थ सरकला. 'हाल' म्हणजे स्थिती. त्याचे अनेकवचन 'अहवाल'. सबब म्हणजे कारण किंवा साधन, तिचे 'असबाब'. अमिराचे अनेकवचन उमरा, आपला 'उमराव'. आणि 'अफवा'? ते तोंड या अर्थाच्या शब्दाचे अनेकवचन आहे. अफवा म्हणजे नुसती तोंडे! यापेक्षा नेमकी व्याख्या कोणत्याही कोशकाराला साधली नसती.

आता अडचणींकडे वळू, कारण या वाटेवर खाचखळगे पुष्कळ आहेत. अरबीत जी व्यंजने वेगळी आहेत ती मराठीत येताना एकवटली. 'हाजिर', 'मंजूर', 'मजकूर' आणि 'मंजिल' या चार शब्दांत आपण 'ज' लिहितो; अरबीत तो चार ठिकाणी चार निराळ्या वर्णांचा आहे. उर्दूत त्यांचा उच्चार एकच होत असला, तरी लिहिताना चारही अक्षरे वेगळी राहतात. म्हणून उर्दू वाचणाऱ्याला धातू डोळ्यांना दिसतो, आपल्याला तो तर्काने शोधावा लागतो. 'नजर' आणि 'मंजूर' एका धातूचे आहेत, कारण ज्यावर वरिष्ठांची कृपेची नजर पडली ते मंजूर; न्यायालयातला 'नाझर'ही त्यांचाच भाऊबंद. परंतु 'नजराणा' त्यांच्या घरचा नव्हे. त्यातला 'ज' निराळा. तो नवस, अर्पण या अर्थाच्या धातूपासून आला. अफझलगंजमधील राज्य मध्यवर्ती ग्रंथालयास पूर्वी 'कुतुबखाना-इ-आसफिया' म्हणत. तेथले 'कुतुब' म्हणजे किताबचे अनेकवचन, पुस्तके. गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीतला 'कुतुब' मात्र ध्रुव, आस या अर्थाचा. देवनागरीत दोन्ही सारखे दिसतात, अरबीत त्यांचा 'क'ही वेगळा आणि 'त'ही वेगळा. त्यातून आपल्या दख्खनी बोलीत कंठातल्या 'क़'चा 'ख' होतो. तेव्हा हैदराबादी माणूस 'कबर' म्हणाला की 'खबर' म्हणाला, हे प्रसंगावरून ओळखावे लागते.

केवळ ध्वनिसाम्यावरही विसंबू नये. 'मशहूर', 'मजबूत', 'मजकूर' हे 'महसूल'च्याच वजनाचे आहेत. 'मजूर' हाही तसाच वाटतो, पण तो फारसी 'मुज़्दूर' आहे, अरबी साच्यातला नव्हे. नाहीतर उद्या कोणी 'मयूर'ही त्या रांगेत उभा करील. उलट, जो शब्द हाडामांसाचा मराठी वाटतो तो कधी अरबी निघतो. 'सोबत' ही अरबी 'सुहबत' आहे, आणि तिचाच कर्तृवाचक शब्द 'साहिब', म्हणजे मूळचा सोबती. आपल्या साहेबांना हे ठाऊक नसते म्हणून बरे. डफावर थाप देऊन पोवाडा गाणारा 'शाहीर' हा अरबी 'शाइर' होय. घशातला 'ऐन' आपल्याला काढता येईना, म्हणून महाराष्ट्राने त्या जागी 'ह' बसवला. 'शेर' आणि 'मुशायरा' हे त्याचेच नातलग.

हे शब्द आपल्याकडे थेट अरबस्तानातून थोडेच आले? बहुतेक फारसीच्या हातून आले. हिकमत, सोबत, मार्फत, हालत यांच्या शेवटी जो 'त' ऐकू येतो ती फारसी वाटेची खूण आहे. माधवराव पटवर्धन, म्हणजे कवी माधव जूलियन, यांनी १९२५ साली 'फारशी-मराठी कोश' प्रसिद्ध करून या शब्दांचा शोध घेणे पुष्कळ सुलभ केले.

परंतु शोध घेणारे कोण? १९४८ पूर्वी हैदराबाद संस्थानात सरकारी शाळांतून माध्यमिक शिक्षण उर्दूत होई, आणि १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठही उच्च शिक्षण उर्दूतून देई. घरी मराठी, शाळेत उर्दू अशी मराठी मुलांची एक पिढी येथे वाढली. ही मुले गणितात बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार न म्हणता जमा, तफ़रीक़, ज़र्ब, तक़सीम असे घोकीत. 'फरक' आणि 'तफ़रीक़' यांचे नाते त्यांना कोणी शिकवावे लागत नसे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी (१९१०–१९९४) याच संस्थानातले. उर्दू-फारसीवरील प्रभुत्वाच्या बळावर त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची फारसी साधने मराठीत आणली. त्या पिढीची माणसे आता फार थोडी उरली आहेत. इकडे मराठीत स्वभाषेच्या अभिमानाची परंपराही जुनी व आदरणीय आहे. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून 'राज्यव्यवहारकोश' रचला गेला, आणि विसाव्या शतकात सावरकरांनी 'तारीख' या शब्दाच्या जागी 'दिनांक' दिला. नवा शब्द सुंदर आहे, तो आम्हीही लिहितो. तथापि नवा शब्द घेताना जुन्याचे कूळ विसरण्याचे कारण नाही; कारण ज्या कागदांवर जुना शब्द आहे ते कागद काही बदलत नाहीत.

असे कागद येथल्या पुष्कळ मराठी घरांतून ट्रंकेच्या तळाशी आहेत. आजोबांच्या शेताचा उतारा, तोही उर्दूत. नातवाला लिपी येत नाही, म्हणून तो कागद बाजूला ठेवतो. परंतु कोणी शेजारी बसून तो मोठ्याने वाचला तर? 'मौजा' अमुक, 'तालुका' तमुक, सन अमुक 'फसली', 'महसूल' इतका, 'तफसील' खालीलप्रमाणे, 'वज़ा' इतके, 'बाक़ी' इतकी, 'तारीख'. त्यातला एकही शब्द त्याला नवा नाही. 'फसल' म्हणजे हंगाम, मूळ अर्थ वेगळे करणे. बारीकसारीक वेगळे करून सांगणे ती 'तफसील', आपला 'तपशील'. आणि वाद तोडणारा 'फैसला'ही त्याच धातूचा. 'वज़ा' म्हणजे खाली ठेवणे. म्हणून बेरजेतून काढून ठेवलेले ते वजा, आणि जेथे वस्ती ठेवली, वसवली, ते स्थळ 'मौजा'. गावाचे नाव लिहिताना आपण 'मौजे' म्हणतो आणि गणिताच्या वहीत 'वजाबाकी', ती दोन्ही एका धातूची.

जाता जाता विद्यार्थ्यांसाठी तीन शब्द ठेवतो: करार, इकरार आणि मुक्रर. धातू तिन्हींचा एक आहे, आणि त्याचे दुसरे व तिसरे अक्षर एकच आहे. ही खूण पुरेशी व्हावी. 'तक्रार' हा चौथा त्यांच्यात बसतो काय, हे ज्याच्या घरी उर्दू वाचणारे आजोबा असतील त्याने त्यांना विचारावे. त्यांनी दोन्हीकडचा 'क' कागदावर लिहून दाखवला की उत्तर मिळेल.